थाळीतला नारळ

९ जाने., सोम.
सुब्बाराव गारूंनी, म्हणजे आंध्राच्या त्या बड्या कंत्राटदार साहेबांनी, आज हो म्हटलं. दोन वर्षं त्यांच्या दिवाणखान्यात बसून मुगाचे पेसरट्टू डोसे खाल्ले, त्यांच्या आईने दुसऱ्यांच्या शेतात राबून त्यांना कसं शिकवलं ते अकरा वेळा ऐकलं, तेव्हा कुठे. मुलींचं नवं वसतिगृह, आईच्या नावाने. रजिस्ट्रार साहेब खुर्चीतून उठले, ‘मॅडम, तुम्ही वाघीण आहात!’ गेल्या महिन्यात हेच म्हणत होते, देणगी विभाग बंद करू या. विद्यापीठात माझं काम एकच, मोठ्या माणसांकडून मोठ्या देणग्या आणणं. आणली की वाघीण, नाही आणली की भाकड गाय.

अट एवढीच, आईचं नाव काळ्या दगडावर कोरायचं, आणि ज्या पाच मुलींची फी ते भरतात त्यांनी त्या दिवशी पूजेची थाळी घेऊन उभं राहायचं.

परत येताना सुलतान बाजारात बस जळत होती. आंध्रापासून वेगळ्या राज्यासाठी बंद होता, मी आनंदात विसरलेच. एका पोराने माझ्या ऑटोची काच रॉडने फोडली. ऑटोवाला ओरडला, ‘अरे मैं भी इधरकाइच हूँ रे!’ पोरगा म्हणाला, ‘तो कांच बी इधरकुच दे.’ घरी बाबांनी भिंग लावून माझ्या केसांतल्या काचा वेचल्या. तोंडाने शिव्या चालू, हात मात्र हलका.

१२ जाने., गुरु.
आभाराच्या पत्रांचा दिवस. वर्षातून दोनदा पाचही मुलींना केबिनमध्ये बसवायचं, सुब्बाराव गारूंना पत्रं लिहून घ्यायची, वर फोटो चिकटवायचा. ते ती प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवतात. चौघींनी लिहिलं. स्वरूपा, तिसऱ्या वर्षाची, सिद्दीपेटच्या पलीकडच्या गावची, चार ओळींवर थांबली. फी मिळाली. पास झाले. पहिला वर्ग. नमस्कार.

मी म्हटलं, ‘तुम्ही मला वडिलांसारखे आहात, असं लिही.’
‘माझे वडील आहेत, मॅडम.’
‘असू देत. सारखे म्हटलंय, तेच म्हटलं नाही.’
‘नको.’

पाच वेळा नको. सहाव्यांदा मी कागद चुरगाळून तिच्या तोंडावर फेकला. ‘फी ते भरतात, तुझा बाप नाही!’ तिने कागद उचलला, टेबलावर सरळ केला, आणि त्याच कागदावर ते वाक्य लिहिलं. अक्षर जराही हललं नाही. मला वाटलं, जिंकले.

सतरा वर्षांची असताना मीही लिहिली आहेत ही पत्रं, सिकंदराबादच्या एका शेठजींना. ‘आपल्या चरणांची धूळ’, असं. बाबा तेव्हा रेल्वेच्या वर्कशॉपात धडधाकट कामाला होते. त्यांनी ते पत्र वाचलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. हे आज आठवायची काही गरज नव्हती.

१७ जाने., मंगळ.
बातमी फुटली. ‘आंध्राच्या कंत्राटदाराचं नाव आमच्या छाताडावर नको.’ विभागाच्या दारावर डांबर ओतलंय. माझ्या नावाची पाटीही काळी. मी काय आंध्राची? पण मराठी नाव त्यांना काय कळणार, उपरं ते उपरं.

आमच्या विभागाचे ड्रायव्हर जहीरभाई म्हणाले, ‘मॅडम, पत्थर बाद में बिठाओ ना. कायकु हौलेपना?’ खुळेपणा खराच. रजि. साहेबांना सांगितलं. ते म्हणतात, थांबलो तर देणगी हातची जाईल. २ फेब्रु.ला सकाळी आठलाच, गुपचूप, पोलिसांच्या दोन गाड्या ठेवून उरकायचं.

बाबा म्हणाले, ‘छप्पन्न सालीही राज्य फाडलं होतं. आपलं गाव मराठवाड्यात, ते तिकडं गेलं. तुझे आजोबा नोकरीपायी इकडं राहिले. दोन्हीकडचे विचारायचे, तू कुणाचा? मार मात्र दोन्हीकडचा खाल्ला.’

२४ जाने., मंगळ.
आज पोलीस मुलांच्या वसतिगृहात शिरले. खोल्यांची दारं लाथांनी तोडली. नरेश म्हणून पोरांचा पुढारी आहे, एम.ए.चा. त्याला जिन्यावरून पाय धरून ओढत आणलं. प्रत्येक पायरीला डोकं आपटत होतं. मी जिन्याखाली उभी होते, आवाज मोजले. मोजायचे नव्हते. अश्रुधूर. डोळे चोळत भिंतीला टेकले तर कुणीतरी ओली ओढणी तोंडावर दाबली. ‘चोळू नका मॅडम, जास्त जळतं.’ स्वरूपा. पत्राच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलली. मी आभार मानले नाहीत. खोकतच होते, हे कारण पुरेसं नाही.

२ फेब्रु., गुरु.
आज सगळं लिहिते. ही वही मराठीत आहे, ऑफिसात एकालाही वाचता येत नाही, तेवढाच आधार.

आठ वाजता नावाचा दगड. पाच मुली रेशमी साड्यांत. थाळ्या मीच लावल्या. स्वरूपाच्या थाळीत नारळ. ‘नीट धर,’ म्हटलं. तिने नीट धरला.

पडदा सरकला. सुब्बाराव गारू काही बोललेच नाहीत. आईच्या नावावरून बोट फिरवत राहिले. तेवढ्यात गेटवर घोषणा, लगेच दगड. पहिला मंडपाच्या खांबाला, दुसरा रजि. साहेबांच्या गाडीवर. सगळे गेटकडे वळले. पोलीस धावले. नरेश गेटवर चढलेला, डोक्याला अजून पट्टी. त्याला खाली खेचून चौघांनी काठ्यांनी फोडून काढलं.

मी वळले नाही. मी मुलींकडे बघत होते, कुणी थाळी टाकते की काय म्हणून. माझी कामाची खोड.

म्हणून फक्त मी पाहिलं. स्वरूपाने थाळीतला नारळ उचलला. दगडावर मारला, त्या नावावर, सगळा जोर लावून. आणि त्याच क्षणी सुब्बाराव गारू नावावर कपाळ टेकायला वाकले.

आवाज आला. चष्मा फुटला. ते गुडघ्यावर बसले आणि ‘अम्मा’ म्हणाले, मला की आईला कोण जाणे, मलाही ते अम्माच म्हणतात. डावा डोळा. बोटांतून रक्त, पांढऱ्या शर्टावर, काळ्या दगडावर. स्वरूपा रिकामी थाळी धरून तशीच उभी.

नारळ माझ्या पायाशी आला. मी तो उचलला, पदराने पुसला, आणि तिच्या थाळीत परत ठेवला. हे मी केलं. विचार करून केलं असं म्हणवत नाही, न करता केलं असंही नाही.

३ फेब्रु., शुक्र.
डोळा गेला. काच आतपर्यंत रुतली होती, डॉक्टरांनी काढून टाकला.

पोलीस म्हणतात, गेटवरून आलेला दगड. नरेशवर खुनाच्या प्रयत्नाचं कलम. त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय.

जहीरभाईंनी काल थाळ्या आवरल्या, तो नारळ पिशवीत घालून माझ्या हातात दिला. ‘प्रसाद है मॅडम, घर ले जाओ.’ शेंडीजवळ तपकिरी डाग आहे. चिक्कडपल्लीच्या आमच्या घरात फळीवर ठेवला. बाबा म्हणाले, ‘आपण नारळ कधीपासून वाहायला लागलो? जयभीमवाल्याच्या घरात नारळ आला की त्याची चटणी होते.’ किसणी काढून बसले. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण डोकावून गेली.

६ फेब्रु., सोम.
नरेशची आई दोन दिवस गेटबाहेर बसून आहे. भाकरीचं फडकं मांडीवर. शिपाई तिला काठीने ढोसत होता. मी त्याची काठी हिसकावून नाल्यात फेकली. फार मोठं शौर्य! त्या बाईला जे हवंय ते माझ्या तोंडात आहे आणि मी काठ्या फेकतेय.

रजि. साहेब म्हणतात, ‘तुम्ही शेजारीच होता. जबाबात एवढंच सांगा, दगड गेटवरून आला. नरेश तसाही सुटणार नाही. खाल्ल्या मिठाला जागा.’ मी म्हटलं, मीठ माझ्या पगाराचं आहे, तुमच्या ताटातलं नाही. मग दारात अर्धा तास उभी राहून माफी मागितली. नोकरी आहे, घरभाडं आहे, बाबांच्या गोळ्या आहेत. राग आला की वाघीण, महिना संपत आला की मांजर.

७ फेब्रु., मंगळ.
स्वरूपा स्वतः आली. दार लावून घेतलं.
‘तुम्ही पाहिलंत.’
‘हो.’
‘मी दगडाला मारला. ते मध्येच वाकले.’
‘माहीत आहे.’
‘मी जाऊन सांगते. नरेश अण्णाने काही केलं नाही.’

मी तिच्या कानाखाली मारली. सांगितलंस तर पदवी गेली, आयुष्य गेलं, ठाण्यात मुलीचं काय करतात कळतं का तुला, असं बरंच ओरडले. ती गालावर हातही न ठेवता म्हणाली, ‘त्या दिवशी कागद फेकलात, आज हात. माझ्या वडिलांनी मला कधी मारलं नाही, मॅडम.’

ती गेली. तळहात अजून चुरचुरतोय. मला माझी लाज वाटते. हे शब्द इथे तरी सरळ लिहिते.

९ फेब्रु., गुरु.
सुब्बाराव गारूंना घरी आणलंय. डोक्याभोवती पट्टी. दुसऱ्या डोळ्यालाही ताण नको, वाचायचं नाही. कपाटाकडे बोट दाखवून तेलुगूत म्हणाले, ‘अम्मा, मुलींची पत्रं काढा. वाचून दाखवा.’

वाचली. पहिली मुलगी: तुम्ही मला वडिलांसारखे आहात. दुसरी: वडिलांसारखे आहात. तिसरी, चौथी. स्वरूपाचं पत्र चुरगळलेलं, इस्त्री केल्यागत सपाट करून कव्हरात घातलेलं. तिथेही तेच.

ते म्हणाले, ‘हे वाक्य तुमचं आहे. पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पाच मुलींना एकच उपमा कशी सुचेल?’
मी पत्रं कव्हरात परत सरकवू लागले.
‘तरी मला आवडायचं,’ म्हणाले. ‘मला मूल नाही.’

बाहेर येऊन जिन्यात बसले. शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं.

१३ फेब्रु., सोम.
सकाळी टेबलावर बंद पाकीट. स्वरूपाचं अक्षर, वर सुब्बाराव गारूंचं नाव. बरोबर चिठ्ठी, ‘नेहमीसारखं पोचवा. या वेळी सुधारू नका.’

मुलींचं पत्र न वाचता मी आजवर एकदाही पुढे पाठवलेलं नाही. पाकीट दोनदा चहाच्या वाफेवर धरायला उचललं, दोनदा खाली ठेवलं. जहीरभाई गाडीत म्हणाले, ‘क्या है मॅडम उसमें, बम है क्या, इत्ता संभाल के पकडे?’ मी म्हटलं, हौ.

सुब्बाराव गारूंनी पाकीट चाचपलं, परत माझ्याच हातात दिलं. ‘वाचा.’

चार ओळी. नारळ मी मारला. नावाच्या दगडाला मारला, तुम्ही वाकलात. नरेशचा यात हात नाही. माझ्या वडिलांना अजून सांगितलेलं नाही, आधी तुम्हाला सांगते आहे.

एक शब्द इकडचा तिकडे न करता वाचलं. त्यांनी उशी भिरकावली. पाण्याचा तांब्या भिंतीवर फुटला. ‘माझ्या आईच्या नावावर! माझ्या पैशाने शिकून!’ किंचाळत होते, पट्टीखालून पाणी वाहत होतं. त्यांच्या पत्नी धावत आल्या, त्यांचे हात धरले. मी उठले तर म्हणाले, ‘बसा.’ पत्नीकडून उशी परत मागून घेतली. मग, ‘पुन्हा वाचा.’

पुन्हा वाचलं.

‘याच्यात तुमचं वाक्य नाही,’ म्हणाले. पत्र मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. ‘उद्या अकराला इन्स्पेक्टर येतोय, माझा जबाब घ्यायला. तुम्ही या. आधी तुम्ही सांगायचं, मग मी. आपल्या दोघांत खोटं कोण बोलतं ते मला ऐकायचंय.’

१४ फेब्रु., मंगळ. सकाळी साडेनऊ
बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चहा संपवला, कपडे घातले. ‘मी त्यांच्या जिन्यात बसेन,’ म्हणाले. मी म्हटलं, कशाला? तर, ‘शेठजींच्या त्या पत्राच्या वेळी मी नुसता जेवलो नाही. बोलायला हवं होतं.’

मुलीचं नाव घेतलं तर ती मेली. नाही घेतलं तर नरेश मेला, आणि त्याची आई त्या गेटवर बसून राहणार. सुब्बाराव गारू काय बोलतील ते देवालाही ठाऊक नसेल, आणि देव तर आम्ही मानत नाही. स्वरूपाचा फोन येऊन गेला. गारूंच्या घराच्या कोपऱ्यावर उभी आहे, हाक मारली तर वर येईन म्हणते. तिची माफी मी अजून मागितलेली नाही.

फळीवरचा नारळ पिशवीत घातलाय. बाबांनी पाहिला, चटणीचं काही बोलले नाहीत. डाग तसाच आहे.

पुढे काय सांगायचं ते अजून ठरत नाही. सुरुवात ठरली आहे. थाळी मी लावली होती, नारळ मी उचलून परत ठेवला, तिथून सुरू करणार. जहीरभाई खाली हॉर्न वाजवतायत.