आईच्या कपाटाची जागा

३ जुलै

ती. सौ. वहिनींना,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोनवर विचारलं की तुम्ही भाजीचे भाव सांगता, नाहीतर फोन दादाच्या हातात देता. म्हणून लिहायला बसले.

तुमच्या शेजारच्या काकूंकडून कळलं की घरात सुतार येऊन गेला. बाथरूमशेजारच्या बोळातलं आईचं कपाट काढलं म्हणे, आणि तिथे कपडे धुण्याचं मशीन बसवलं. वर जाड पडदा. गॅलरीतल्या दोऱ्याही उतरवल्या. तिघांच्या घरात असे कुठले कपडे आहेत, जे लपवून धुवावे आणि लपवून वाळवावे?

ते एक वेळ सोडा. बाबांची खाट पुढच्या खोलीतून आत, बाथरूमला लागून हलवली, हे मात्र मला झेपलेलं नाही. दादाला विचारलं तर म्हणाला, घरातलं सगळं ती बघते. त्याचं हे उत्तर लग्न झाल्यापासून पाठ आहे. पण वहिनी, माणूस आधी आतल्या खोलीत जातो, मग हळूहळू घराबाहेर, हे मी आमच्या शेजारी पाहिलंय. राग आला तर येऊ द्या, उत्तर मात्र द्या.

लोभ आहे म्हणूनच विचारतेय.
तुमची नणंद

१० जुलै

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. राग नाही. माझी कंबर धरते, वाकून धुणं होत नाही, म्हणून मशीन घेतलं. बोळात दुसरं काही मावत नव्हतं. बोळाला दार बसवलं तर बाथरूमचं दार अडतं, म्हणून पडदा. पाणी जायचा पाइप आधी खाली घेतला होता, तर मशीन भरताभरताच रिकामं व्हायचं; प्लंबरने तो वर उचलून दिला. पहिल्या दिवशी तर ते थरथरत पडद्याबाहेर आलं, बाबा म्हणाले फिरायला निघालंय. आता पायांखाली रबर घातलंय. वाळत घालायला छताला दांड्या आहेत, दोरी सैल सोडली की खाली येतात.

पुढच्या खोलीत बाबांना ऊन सोसत नाही, म्हणून खाट हलवली. बाकी सगळे मजेत.

आहे तशी माया राहू द्या.
तुमची वहिनी

१६ जुलै

ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

वहिनींचं पत्र आलं. पाइपचं सविस्तर आहे, तुमच्याबद्दल दोन ओळी. तुम्हाला ऊन सोसत नाही म्हणे. खुर्ची उन्हात ओढून पेपर वाचणारा माणूस मी जन्मभर पाहिला, त्याला अचानक काय झालं?

त्या दोघांसमोर बोलता येत नसेल तर नुसतं ‘ये’ एवढं लिहा. मी येऊन तुम्हाला घेऊन जाईन. आमचंही घर लहानच आहे, पण तुम्हाला कोपऱ्यात ढकलणार नाही.

आशीर्वादाची वाट पाहणारी,
धाकटी

२३ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मला कुणी ढकललेलं नाही. लिहायला लाज वाटते, पण तू तिच्यावर संशय घेतेस म्हणून लिहितो. गेलं वर्षभर झोपेत माझा ताबा राहत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मी चादर गुंडाळून कपाटामागे कोंबली. आंघोळ करून आलो तर खाटेवर कोरडी चादर अंथरलेली होती. तेव्हापासून रोज तसंच. ती बोलली नाही, मीही नाही. दादालाही तिने कळू दिलेलं नाही.

गॅलरीतल्या चादरी पाहून शेजारीण तिला हसत म्हणाली, रोज काय हे. ही म्हणाली, माझ्याच हातून पाण्याची बाटली लवंडते. मी आतून ऐकलं. त्याच आठवड्यात तिने बोळाची मापं घेतली. जागा पुरेना, तेव्हा कपाट काढायला मीच सांगितलं. खाटही मीच हलवून घेतली, दोन पावलांवर बाथरूम. ऊन सोसत नाही असं मीच घरात सांगितलं, आणि तिने ते खरं मानल्यासारखं केलं.

हे सगळं मला ठाऊक आहे आणि मी तुला लिहिलं, हे तिला कळू देऊ नकोस. आमचं न बोलण्यावरच चाललंय.

सुखी राहा.
बाबा

३० जुलै

ती. सौ. वहिनींना,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या पत्रात मी फार वेडंवाकडं लिहिलं. ते फाडून टाका.

दादाला रजा काढायला सांगितलीय. तुम्ही दोघं आठ दिवस कुठेतरी जाऊन या, लग्नापासून कुठे गेला नाहीत. तोवर बाबांजवळ मी राहीन. नाही म्हणू नका, तिकीट काढलंय.

येताना जुन्या मऊ चादरींच्या जाड घड्या शिवून आणतेय. घरात असू द्याव्या. सकाळी मला लवकर जाग येते, आणि बाबा आंघोळीला गेले की माझ्या हाताला दुसरं काम नसतं. तेव्हा निघण्याआधी मला ते मशीन चालवायला शिकवा. कुठलं बटण कधी दाबायचं, साबण किती, दांड्या खाली कशा घ्यायच्या, मला काहीच येत नाही असं धरून पहिल्यापासून दाखवा.

माया करायला मी उशीर केला, शिकवायला तुम्ही करू नका.
तुमची नणंद