न लागलेल्या दोन जोड्या

हॅनकॉक, ३ फेब्रुवारी १९७५

ति. हेल्मीताईस, धाकट्या ऐलीचा शि. सा. न. वि. वि.

पाव पोचला का? वेलदोडा जास्त पडलाय, नाक मुरडू नकोस. इथे बर्फ खिडकीला टेकलंय.

आम्हा नवराबायकोचं रक्त तुझ्या प्रयोगशाळेत आलं असेल. रेनो सुईला घाबरला आणि माझ्यावरच खेकसला. तिसरंही पोटातच गेल्यापासून सासूबाईंचं एकच पालुपद: दुधाचे कॅन उचलतेस, मग टिकेल कसं? वाफेच्या सॉनातला बाक मात्र त्या अजून बाळंतपणासाठी घासून ठेवतात. रेनो तिथेच जन्मला ना. ताई, दोष माझा असला तरी सांग. नुसतं ऐकून घेणं आता होत नाही.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझी ऐली

मिनियापोलिस, २० फेब्रुवारी

चि. ऐलीस अ. आ.

पाव संपला. वेलदोडा जास्तच होता.

तुझ्यात दोष नाही, आधी हे वाच. पेशी दुभंगायच्या बेतात असते तेव्हा गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात. औषध घालून आम्ही तिला तिथेच थांबवतो, फोटो काढतो आणि कात्रीने एकेक कापून जोड्या लावतो. तुझ्या सगळ्या लागल्या. रेनोच्या दोन लागेनात. मला वाटलं माझंच चुकलं. दुसऱ्या पेशी घेतल्या, तरी तेच. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालीय. माल पुरता आहे, म्हणून तो धडधाकट. पण बीज तयार होताना ही दोन आणि त्यांचे दोन जोडीदार शेजारी यायला जातात आणि चौघांचा गुंता होतो. मग वाटणीत कुणाला जास्त, कुणाला कमी. तसं बाळ सहसा टिकत नाही. कधी वाटणी नीटही होते, पण मी खोटी आशा लावणार नाही. हे बहुतेक आईकडून नाहीतर बापाकडून येतं. रेनोला जपून सांग.

जिवाला जप, माझी माया आहेच.

हेल्मी

हॅनकॉक, ११ मार्च

ति. ताईस, ऐलीचा शि. सा. न.

रेनोला सांगितलं. तो उठून गोठ्यात गेला, जेवायलाही आला नाही. रविवारी सासूबाईंनी पुन्हा कॅनचा विषय काढला, तेव्हा त्यानेच सांगून टाकलं की ऐलीला बोलू नकोस, दोष माझ्यात आहे. आता घर डोक्यावर घेतील असं मला वाटलं. त्यांनी स्वतःचंच सांगायला घेतलं. रेनोच्या आधी त्यांची चार गेली म्हणे. त्यांच्या सासूने पाण्याच्या बादल्यांना बोल लावला होता आणि त्यांनी तो खरा मानला होता. मला राग यायला हवा होता, रडूच आलं.

ताई, तुझं पत्र आलं तेव्हा मला दुसरा महिना होता. मुद्दामच लिहिलं नव्हतं. काल तेही गेलं. सासूबाई उशाशी बसून होत्या, कॅनचं नाव काढलं नाही. रेनो म्हणतो, आता पुरे. मी हो म्हटलं.

दोष माझा नाही हे कळलं की हलकं वाटेल, असं वाटलं होतं. मला मूल हवं होतं गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ऐली