मत्सर नव्हे, तांत्रिक आक्षेप

रविवार, ३ मार्च
आज गिटारवाल्याने माझ्या मिक्सरमध्ये आपली वायर खुपसली आणि त्याच क्षणी माझं आयुष्य बदललं. पाळकसाहेबांनी त्याला संजीवन सभांसाठी बाहेरून बोलावलंय. मंडळी थंड पडलीय म्हणे. तो ‘हालेलूया’ ओरडला आणि की-बोर्डवाली चक्क हसली. चर्चचा साउंड मी बघतो. तिचा की-बोर्ड कायम सगळ्यांपेक्षा थोडा वर ठेवतो. माझ्याकडे बघून कधी हसली नाही.
मला मत्सर वगैरे नाही. मत्सर पाप आहे. आक्षेप तांत्रिक आहे : तो माइक गिळायला आल्यासारखा गातो.

मंगळवार, ५ मार्च
संकल्प : रोज पहाटे प्रार्थना. गिटारवाल्यासाठीसुद्धा. (त्याची बदली व्हावी.)

बुधवार, ६ मार्च
उठलो नाही. पहाट हा निव्वळ देखावा. बाबा म्हणाले, कॉलेजही असंच सोडलंस. म्हटलं, ते तत्त्वासाठी सोडलं. कुठल्या, म्हणाले. संतापून जेवण सोडलं. नंतर जेवलो.

शुक्रवार, ८ मार्च
चर्चचं भविष्य शांततेत आहे! शांत-प्रार्थना गट काढला. हॉलभर खुर्च्या मांडल्या. आई आली. झोपली. की-बोर्डवालीला खास बोलावलं होतं. म्हणाली, कल्पना छान आहे रे, पण आज त्याच्याबरोबर प्रॅक्टिस आहे. ‘रे’ म्हणाली! जवळीक वाढतेय.

शनिवार, १६ मार्च
उद्या मोठी सभा. ऐन गाण्यात मेन स्विच बंद करणार. स्पीकर मेला की त्याचं संजीवनही मेलं. तिला कळेल, सगळा जोश माझ्या अँप्लिफायरचा होता. मग फाटकाशी गाठून तिला विचारणार. शर्टाला इस्त्री केली.

रविवार, १७ मार्च
दुसऱ्या कडव्याला स्विच पाडला. सगळं चिडीचूप. आणि आईने, माझ्या सख्ख्या आईने, गाणं उचललं. मग मागच्या बाकांवरचे म्हातारे. मग सगळेच. इतकी वर्षं माझ्या स्पीकरखाली दबलेले आवाज. चर्चमध्ये फक्त घड्याळ बघणारे बाबा रडले. मला धुळीची ॲलर्जी आहे.
की-बोर्डही विजेवर चालतो, हे प्लॅनमध्ये राहून गेलं. तिचे हात मोकळे झाले. ते गिटारवाल्याच्या हातात गेले.
पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली. म्हणाले, वीज घालवायची कल्पना तुलाच सुचावी! तो म्हणाला, श्रेय देवाचं. स्विच मी पाडला हे सांगणार होतो, पण का पाडला तेही सांगावं लागलं असतं.

तोच दिवस, संध्याकाळ
मंडळीचा निर्णय : यापुढे उपासना साउंडशिवाय. पाळकसाहेब म्हणाले, आता तूही बाकावर बसून गा, बेटा. वायरी गुंडाळल्या. ती दोघं एकाच पुस्तकातून गात होती. निघालो तर की-बोर्डवाली धावत मागे आली. मी शर्टाची कॉलर नीट केली. म्हणाली, दार हळू लाव हं, आत प्रार्थना चाललीय.
बाहेर पडलो आणि सगळी ताकद लावून दार आपटलं. पण त्याला वर तो तेलाचा दांडा आहे. मीच बसवलेला. आवाजाने ती दचकते म्हणून. दार सावकाश, अगदी सावकाश लागलं.