तिसरी हाक

४ फेब्रुवारी
'तल्लीन' माझ्या वाट्याला आला. मुलांच्या शब्दकोशाचं काम – अर्थ द्यायचा, खाली वापर दाखवणारं एक वाक्य. लिहिलं, मुलगी अभ्यासात तल्लीन झाली. संपादकबाईंनी काट मारली. "अशी मुलगी कुणी पाहिलीये का?"

५ फेब्रुवारी
नणंद येऊन गेली. म्हणे, "वहिनी, दादा किती शहाण्यासारखा वागतो हल्ली. पहिल्या हाकेला ओ देतो." मी हो म्हटलं. काय सांगू तिला? शिलाई मशिनं दुरुस्त करताना या माणसाला दोन हाका मारून ऐकू जायचं नाही. चहाचं पार पाणी व्हायचं. मी चिडायचे – कान गहाण टाकलेत का! समोर काम करणारे भावजी हसत यांना बोटाने ढोसायचे, तेव्हा कुठे तिसऱ्या हाकेला "अं?"

भावजी तिथेच, बसल्या जागी गेले. यांची मान खाली, हात मशिनात. कळलंच नाही. नंतर मला एकदाच विचारलं, "त्याने हाक मारली असेल का गं?" तेव्हापासून हत्यारांची पेटी पलंगाखाली आहे. हे खिडकीशी बसतात. नळ गळला तरी वळून बघतात.

मला रडू येत नाही. भाजी चिरते, ऑफिसला जाते.

९ फेब्रुवारी
वाक्य झालं नाही.

११ फेब्रुवारी
ऑफिसातले प्रूफवाले काका म्हणाले, "एकाग्र व्हायला जोर लावावा लागतो. तल्लीन झालेल्याला आपण झालोय हेही कळत नाही." विचारलं, दुःखात होतो का माणूस तल्लीन? "छे. दुःखात बुडतात. तल्लीन व्हायला गोडी लागते."

म्हणजे हे बुडलेत. मी पेन्सिलीला टोक करत बसले.

१४ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरची शिंपीण मशीन ठेवून गेली. धागा सारखा तुटतो म्हणे. हे म्हणाले, "ठेवा." हात लावला नाही. मी वर जुनी चादर टाकली.

१६ फेब्रुवारी
चादर तशीच. उद्या मशीन परत करते. उगाच आशा नको.

१७ फेब्रुवारी
चहा झाला. हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. नाही. भावजींचं असंच झालं होतं. गॅस चालू टाकून धावले.

हे जमिनीवर, पाठमोरे. पेटी उघडी, मशीन आडवं, तेलाचा वास. बाजूने पाहिलं तर जीभ दातांत धरलेली. मी अगदी मागे जाऊन उभी राहिले, पत्ता नाही.

स्वयंपाकघरात येऊन गॅस बंद केला, भरपूर रडले. मग चहावर ताटली झाकली. तिसरी हाक मारली नाही.