मशीन कोणी नेत नाही

योगिनीताई,

तुझं आपलं तेच! "वकील केला की शिलाई मशीन उचलून नेतील आणि अख्ख्या मोहने गावात माझी शोभा." परवा वर दमही दिलास, "बंट्या, परत वकिलाचं नाव काढलंस तर फोन कट." मी पडलो सातवी नापास, जामनगरला वेल्डिंग करणारा. माझं कोण ऐकणार?

आणि आज ठाण्याहून देसाई वकीलबाईंचा फोन! मी नंबर दिलेला त्याच. म्हणाल्या, "तुमची ताई एकटीच येऊन गेली. पहिला प्रश्न मशीनचाच." मी हसत सुटलो गं. नादारीचा अर्ज, म्हणजे कर्ज फेडणं जमत नाही असं कोर्टाला लिहून देणं, म्हणजे जेल नाही, हे त्यांनी मलाही समजावलं. तुझ्या शिलाईच्या दुकानापायी झालेलं सगळं कर्ज आणि घरात जे आहे ते कोर्टाला खरं सांगायचं, काही लपवायचं नाही. पोटापाण्याचं मशीन, भांडी, मंगळसूत्र जप्त होत नाही. पण तू म्हणे "फी जमली की येते" म्हणून उठलीस.

धाकट्या भावाकडून तू पैसे घेणार नाहीस, माहितेय. मला सगळं कळलंय हे समजलं तर अजूनच बिथरशील. म्हणून हे पत्र माझ्या पेटीतच राहू दे. वकीलबाईंनाही सांगितलंय, आपलं बोलणं झालं हे ताईला कळू देऊ नका.

उद्या भाऊबीज आहे. ओवाळणी तर तुला परत करता येत नाही ना? फीमध्ये वरचा एक रुपया घालून पाठवतोय. ओरड आता काय ओरडायचं ते.

तुझाच,
बंटी

ओवाळणी: आठ हजार एक रुपये.