ग्राऊंड आपलंच हाय

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आमच्या रेणूची खो-खोची टीम विभागाला निवडली. चार डिसेंबरला संभाजीनगरला मॅच. शाळेत पालकांची मीटिंग झाली. खेळाचे सर म्हणले, गाडी, बूट, ड्रेस, जेवण, वीस हजार लागतेत, अन्‌ संस्था देत न्हाई. सगळे पालक माना खाली घालून बसले, जसं काही पैसे खालीच पडलेत.
मी उठले. म्हणले, शाळेच्या ग्राऊंडवर खाऊमेळा घेऊ, स्टॉलची फी अन्‌ अर्धी विक्री टीमला. ग्राऊंड आपलंच, पोरी आपल्याच, खर्चा शून्य. टाळ्या वाजल्या! मालक वारल्यापासून माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली न्हाई. ते होते तव्हाबी न्हाई.
मलाच प्रमुख केलं. एकटी पिठाची गिरणी चालवते मी, मेळा काय जड हाय.

२० नोव्हेंबर
शाळेतल्या राधेश्याम बाबूकडं गेल्ते. म्हणला, मावशी, ग्राऊंडचं भाडं तीन हजार, लाईटचे एक हजार, झाडलोट पाचशे, डिपॉझिट पाच हजार. म्हणले, मावशी कोणाला म्हणतो रे, तुझ्यापरीस दोन वर्षांनी लहान हाय मी. अन्‌ हवा पण भाड्यानं देता का? म्हणला, फॅन लावला तर वेगळे पडतील.
ह्या माणसाला देवानं हसायचा भागच बसवला न्हाई.
डिपॉझिट माझ्याजवळचं भरलं. गिरणीच्या मोटारीसाठी ठेवलेले व्हते. वापस मिळणारच हायेत. कागदावर खाली 'जबाबदार व्यक्ती' छापलेलं, तिथं सही केली. सही करताना लई भारी वाटलं.

२१ नोव्हेंबर
आयडिया सापडली. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनाच प्रमुख पाहुणे करायचं. माणूस स्टेजवर बसला, माईक हातात आला, की काही ना काही माफ करतोच. भाडं गेलंच समजा. सगुणाबाई भज्याचा स्टॉल लावणार हाय. ती म्हणली, कडूताई, पाहुणा म्हणलं की शाल आली, नारळ आला. म्हणले, चारशेची शाल देऊन चार हजार वाचले, हिशोब कर. माझी सातवी झालीय, हिची बारावी. दिसतोच की फरक.

२३ नोव्हेंबर
साहेब हो म्हणले! लगेच राधेश्याम मागं आला. म्हणला, साहेब एकटे येत न्हाईत. उपाध्यक्ष, सचिव, दोन माजी सरपंच, साहेबांचे व्याही... अकरा जण झाले. अकरा शाली, अकरा फेटे. व्याह्याला शालच पुरंल म्हणले, तर म्हणला, मंग साहेब सोताबी फेटा बांधून घेणार न्हाईत.
बरं, फेटे बांधून मातीत बसवायचं का? स्टेज पायजे. स्टेज उन्हात चालत न्हाई. मंडप पायजे.
हरकत न्हाई. मंडप दिसला की गर्दी होती. हे माझ्या प्लॅनमधी आधीपासूनच व्हतं, फक्त बोलले नव्हते.

२५ नोव्हेंबर
रामप्रसाद मंडपवाला मोठा टेंपो घेऊन आल्ता. म्हणला, आक्का, लग्नाच्या तिथी लागल्यात, मला आजच टाईम हाय. आज ठोकतो, तीन तारखेला काढतो. म्हणले, ठोक. मधल्या दिवसांचं भाडं घेत न्हाई म्हणला. फुकटात आठ दिवस मंडप! असा सौदा मालकांनी जिंदगीत केला न्हाई.
स्टेज बराबर मधोमध घेतलं, तिथं जमीन सपाट हाय. खो-खोचे दोन खांब मधी येत होते. रामप्रसादनं उपटून भिंतीला लावले. टीमच्या पोरी उभ्या राहून बघत होत्या. म्हणले, बायांनो, तुमच्यासाठीच चाललंय हे, घरी जा, आराम करा. खेळाचे सर काहीतरी सांगून राह्यले होते, पण ठोकठोक चालू होती, ऐकू आलं न्हाई. मी मान हलवली. ते गेले.

२७ नोव्हेंबर
आज सगळा हिशोब मांडला. परत मांडला. मंग गिरणी बंद करून पाणी पिले.
मेळा कॅन्सल करावा म्हणलं. राधेश्याम म्हणला, केला तरी भाडं भरावंच लागंल, अन्‌ डिपॉझिटबी गेलं, नियम हाय. रामप्रसाद म्हणला, आक्का, खांब रोवला की पैसे आले. सगुणाबाई म्हणली, कडूताई, पंधरा बायांनी स्टॉलचे पैसे भरलेत, बेसन दळायला तुझ्याच गिरणीत आणलंय, आता कॅन्सल म्हणली तर त्याच बेसनात तुला तळतील.
म्हणजे माघार घेता येत न्हाई असं न्हाई. माघारीचं भाडं जास्त हाय.
मला भेव न्हाई. साहेब माफ करणारच हायेत. रेणू जेवताना काहीतरी म्हणत होती, ग्राऊंडबद्दल. म्हणले, मेळा होऊ दे, मंग बोलू. सध्या डोकं जाग्यावर ठेवायचंय मला.

३० नोव्हेंबर, रविवार
काय मेळा झाला! दहाला येणारे पाहुणे एकला आले. तोवर बायांनी भजे तळून गार केले, पुन्हा तळले. फेटे बांधायलाच अर्धी दुपार गेली.
ओवाळायला सवाष्णी लागतेत म्हणून मला बाजूला उभी केली. म्हणले, पावतीवर सही करायला विधवा कशी चालली रे राधेश्याम? तो म्हणला, त्याला मुहूर्त नसतो. पहिल्यांदा वाटलं, हा चेष्टा करतोय. पण न्हाई, खरंच सांगत होता.
साहेब लई बोलले. मुलगी शिकली पायजे, मुलगी खेळली पायजे. अन्‌ शेवटी माईकवरून जाहीर केलं, ग्राऊंडचं भाडं माफ! अन्‌ पोरींना माझ्यातर्फे अकरा हजार! टाळ्याच टाळ्या. मी सगुणाबाईकडं बघितलं. बारावीवालीबी टाळ्या वाजवत होती.
मंग अकरा पाहुणे अन्‌ त्यांच्यामागची पन्नास माणसं स्टॉलवर गेली. पाहुण्यांकडून पैसे कसे मागायचे?

१ डिसेंबर
राधेश्यामकडं अकरा हजार आणायला गेल्ते. म्हणला, मावशी, माईकवरचं जाहीर वेगळं, बैठकीतला ठराव वेगळा. बैठक जानेवारीत. म्हणले, मॅच परवाच्या पुढच्या दिवशी हाय. म्हणला, मंग ठरावात मागच्या तारखेनं लिहू. तोवर भाडं भरा. डिपॉझिटबी आता न्हाई, मंडपाचे खड्डे पडलेत, ते बुजवून, पाणी मारून, दाखवून मंग.
सगळं देऊन हातात राह्यले दोन हजार आणि थोडी चिल्लर. गाडी जमत न्हाई. बूट जमत न्हाई. पण पोरी एसटीनं जातील, बायांना अर्धं तिकीट हाय, डब्बे घरून देऊ. म्हणजे पोरी जाणार. म्हणजे मेळा यशस्वी झाला. कोणी काहीबी म्हणो.

३ डिसेंबर
रामप्रसाद मंडप न्यायला आल्ता. मी अन्‌ सगुणाबाई टोपल्यानं माती टाकून खड्डे बुजवून राह्यलो. पोरींनी खांब आणून रोवले. एक तिरका बसला. अंधार पडला तरी पळत होत्या. हाका मारून घरी आणलं, पहाटची गाडी हाय.

४ डिसेंबर
पहिल्याच मॅचमधी हरल्या. एका डावानं.
रेणू संध्याकाळी आली, चप्पल काढली, बसली. म्हणले, पंचानं पार्शलिटी केली असंल. म्हणली, न्हाई. म्हणले, बूट जुने पडले. म्हणली, न्हाई. समोरच्या पोरी मोठ्या व्हत्या का? न्हाई, आमच्याएवढ्याच.
मंग म्हणली, आई, तुझा मंडप उभा राह्यल्यापासून आमी रस्त्यावर पळत होतो. रस्त्यावर खांब नसतो. खांबाला हात टेकून वळायचं असतं, तिथंच सगळ्या चुकलो.
आवाज चढवून बोलली न्हाई. चढवला असता तर मी दोन शब्द ऐकवले असते.
भाकर वाढली. तेवढ्यात राधेश्यामचा फोन. म्हणला, मावशी, अभिनंदन, साहेब लई खुश हायेत. आता दरवर्षी खाऊमेळा ठेवायचा म्हणतेत, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच. प्रमुख तुमीच, नाव लावून टाकलंय.
रेणू माझ्याकडं बघत होती.
विचारलं, राधेश्यामभाऊ, ग्राऊंड आठ दिवस नुसतं रिकामं ठेवायचं काय भाडं पडतं? पोरींना पळायला.
तो हसला न्हाई. म्हणला, तसा रेट न्हाई मावशी आपल्याकडं. साहेबांना विचारून सांगतो.