हरकत असल्यास

पाळकसाहेब,

सलाम. त्याआधीचं 'प्रभूच्या नावात' आज हातून लिहवत नाही.

उद्या सलग तिसऱ्या रविवारी तुम्ही चर्चमध्ये शलोमीच्या दुसऱ्याशी ठरलेल्या लग्नाची शेवटची सूचना वाचणार आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारून थांबणार. तेव्हा उठून 'माझी आहे' म्हणायचं मी ठरवलं होतं. तिच्याशी लग्न करता यावं म्हणूनच कॉलेज सोडून मुळशी धरणात शिडाच्या होड्यांवर कामाला लागलो. ती मात्र परवा तोंडावर म्हणाली, "नाथान, मी मनापासून हो म्हटलंय."

आज त्याच रागात होडी समोरच्या वाऱ्यात सरळ घातली. शीड नुसतं फडफडलं, होडी मागं सरकायला लागली. मी सुकाणूच सोडून दिलं. ते प्रभूच्या हाती द्यावं, असं तुम्हीच शिकवलंत ना?

मला होडी शिकवणारा कैलास काठावरनं ओरडला, "आरं येड्या, वारं तुझं न्हाई, पर सुकाणू तुझंच हाय! धर त्ये!"

धरलं. तिरका तिरका जात काठाला लागलो आणि त्याच्यासमोरच रडलो. शलोमीचं 'हो' माझ्या हातात नाही, साहेब. माझं तोंड आहे.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंत तर उद्या माझ्या भीतीनं तुम्ही हरकत विचारून झटकन पुढं जाल. तसं नको. नेहमीएवढं थांबा. तेवढा वेळ गप्प बसायचं बळ मी प्रभूकडे मागतोय, आणि डोकं अजून भडकलेलंच आहे.

शेवटच्या बाकावरचा,
नाथान